गांबेला जमीनपट्टे

इथिओपियाच्या पश्चिमेस, दक्षिण सुदानच्या सीमेलगतच्या गांबेला प्रदेशात परदेशी कंपन्यांना दीर्घ मुदतीने दिलेल्या शेतजमिनी. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकल्यावर अशा जमिनींची मागणी वाढली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही जण तिचे मूळ त्याआधीच्या जैवइंधन-पिकांत शोधतात. गांबेलातील मोठे करार साधारणतः २००८ नंतरचे असल्याने येथे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

१९९५ च्या राज्यघटनेनुसार (कलम ४०) जमीन राज्याची व जनतेची असून ती विकता येत नाही. त्यामुळे येथे खरेदीखत नसते, भाडेपट्टा असतो.

क्षेत्राचा प्रश्न : बंगळूरच्या करुतुरी ग्लोबल या गुलाब-उत्पादक कंपनीच्या नावावर ३ लाख हेक्टर हा आकडा सर्वत्र छापला गेला. ऑक्टोबर २०१० च्या करारात प्रत्यक्षात १ लाख हेक्टर होते. उरलेले २ लाख पुढील कामगिरीवर अवलंबून होते. मुदत ५० वर्षे, खंड हेक्टरी २० बिर (इथिओपियाचे चलन) म्हणजे एकरी सुमारे ८ बिर. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने पट्टा रद्द केला, तेव्हा जेमतेम १,२०० हेक्टर विकसित झाल्याचे कारण दिले. कंपनीने ते नाकारले. घोषित, करारबद्ध, साफ केलेले आणि पेरलेले ही चार क्षेत्रे निरनिराळी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की कोणताही एकूण आकडा फुगतो. जगभरच्या मोठ्या जमीनव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या लँड मॅट्रिक्स या नोंदसंचाने २०१२ मध्ये दिलेली जागतिक बेरीज २०१३ मध्ये, निकष बदलल्यावर, निम्म्याहून खाली आली.

पेरा अल्प म्हणून परिणामही अल्प, असे मात्र नाही. करारानुसार जमीन मोकळी करून देणे हे शासनाचे काम होते आणि धरणे, कूपनलिका व कालवे काढण्याचा हक्क कंपनीला होता. नांगर लागण्याआधीच वहिवाट तुटते ती येथे. येथले स्थानिक अनुआक लोक फिरती शेती करतात व पूर ओसरल्यावर नदीकाठी गाळपेर मका घेतात. पड टाकलेली जमीन कागदावर ‘रिकामी’ दिसते. विखुरलेल्या वस्त्या नव्या गावांत एकत्र आणण्याच्या, २०१० पासूनच्या शासकीय ग्रामवसाहत योजनेत सुमारे ७०,००० लोकांना हलवण्याचे ठरले. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०१२ मध्ये सक्तीचा आरोप केला. योजना ऐच्छिक असून पट्ट्यांशी तिचा संबंध नाही, असे शासनाचे म्हणणे. दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशात, एकाच वेळी घडल्या, हे लक्षात घेता संबंध नाकारणे अवघड आहे.

अपयशाची कारणे : गांबेलाच्या सखल पट्ट्यात काळी, भारी जमीन आहे. दख्खनच्या काळ्या रानासारखीच ती ओली झाली की चिकटते, यंत्र रुतते आणि पेरणीचा वाफसा थोडेच दिवस टिकतो. शिवाय हे बारो नदीचे पूरक्षेत्र. २०११ च्या पुरात बांध घालूनही करुतुरीचा मका बुडाला.

सौदी स्टार कंपनीने अल्वेरो धरणाच्या पाण्यावर भातासाठी १०,००० हेक्टर घेतले. एप्रिल २०१२ मध्ये तिच्या तळावर सशस्त्र हल्ला होऊन कामगार मारले गेले.

पट्टा रद्द झाल्यावर जमीन राज्याकडे परतते. पूर्वीच्या कसणाऱ्यांच्या पारंपरिक हक्काची नोंदच नसल्याने ती आपोआप त्यांच्याकडे येत नाही.