खताची गोणी वेगळी, पाचटाची वेगळी
(परसबागेसाठी माल नेणाऱ्या ग्राहकांना)

‘कंपोस्ट खत आणि उसाचं पाचट दोन्ही एकत्र कालवून एकाच गोणीत द्या ना, तेवढंच भाडं वाचेल.’ ही मागणी दर आठवड्याला होते. आम्ही तसं देत नाही, आणि कृपा करून घरी नेऊनही कालवू नका. ‘तुमच्या खतानं झाडं पिवळी पडली’ असा फोन आला की आम्ही आधी वाफा थोडा उकरून बघायला सांगतो. बहुतेक वेळा खाली अर्धवट कुजलेलं पाचट निघतं.

पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं. त्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) नावाला. प्रमाण साधारण 100 ला 1. मुरलेल्या कंपोस्टात तेच 15-20 ला 1 असतं. पाचट मातीत गाडलं की ते कुजवणारे जिवाणू लागणारा नत्र आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. पुढे तो नत्र मातीला परत मिळतो, पण तोवर वांगी-मिरचीचे महत्त्वाचे आठवडे गेलेले असतात. तेच पाचट वर अंथरलं तर ही ओढाताण मातीला टेकलेल्या पातळ थरापुरतीच राहते.

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडतोय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर बहुधा लोह मिळत नाहीये. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत हे नेहमीचं आहे, त्यात पाचटाचा दोष नाही. फोन करण्याआधी दोन्ही पानांचा फोटो पाठवलात तर आपला दोघांचाही वेळ वाचेल.

आता क्रम. वाफ्यावर 2 इंच कंपोस्ट पसरून वरच्या 4 ते 6 इंच मातीत मिसळा. रोपं लावा, भरपूर पाणी द्या. पाचट त्यानंतर, 2 ते 3 इंच. कोरड्या मातीवर अंथरलंत तर हलकं पाणी पाचटातच अडकतं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुंधा कुजतो. मेथी-कोथिंबीर पेरली असेल तर उगवून वर येईपर्यंत वाफा उघडाच बरा. जून ते सप्टेंबर थर पातळ ठेवा, कारण जाड थराखाली गोगलगायी बसतात. ऑक्टोबरची उन्हं लागली की वाढवा.

कालवून झालंच असेल तर रोपं उपटू नका. शेंगदाण्याची पेंड दोन-तीन दिवस भिजवून, दहापट पाणी घालून आळ्यात द्या. कुंपणाला गिरिपुष्प असेल तर त्याचा कोवळा पाला वर टाका, त्यात नत्र चांगला असतो.

आमचं कंपोस्ट शेणखतापेक्षा महाग पडतं, खरं आहे. पण कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या मुळं खाणाऱ्या अळ्या आणि तणाचं बी घरी येतं, ते निस्तरायचा खर्च कुणी धरत नाही. आम्ही ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापू देतो, पलटतो, आणि थंड होऊन मुरल्याशिवाय गोणी भरत नाही. गोणी उघडल्यावर ओल्या मातीचा वास यायला हवा. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर परत आणा, बदलून देऊ.

सोसायटीत पालापाचोळा मिळत असेल तर पाचटाची गोणी घेऊच नका, तो तितकंच काम करतो. फक्त कंपोस्ट न्या. ज्यांना पाचट हवंच आहे त्यांनी ऊसतोड चालू असताना, मार्चच्या आत सांगून ठेवावं. मे महिन्यात सगळ्यांनाच ते हवं असतं आणि तेव्हा आमच्याकडे उरलेलं नसतं.