मद्य-अनुज्ञप्ती आणि राज्य महसूल

मद्यनिर्मिती, साठवण व विक्री यांच्या परवान्यांचे नियम बदलल्याने राज्याच्या अर्थसंकल्पावर होणारा परिणाम. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मादक पेयांचे नियमन आठव्या नोंदीत, तर मानवी सेवनाच्या मद्यावरील उत्पादन शुल्क ५१ व्या नोंदीत येते. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा हे मद्य त्याबाहेर ठेवले गेले. राज्यांना स्वतःच्या अखत्यारीत दर ठरवता येतील असे थोडेच कर आता उरले असून त्यांत मद्यावरील शुल्काचे स्थान मोठे आहे. अनुज्ञप्ती (परवाना) शुल्क व उत्पादन शुल्क ‘राज्य उत्पादन शुल्क’ या ००३९ क्रमांकाच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातील खात्यात, जमा होतात. विक्रीवरील मूल्यवर्धित कर मात्र ००४० खाली जातो. त्यामुळे केवळ पहिले शीर्ष पाहून मांडलेला हिशेब अपुरा ठरतो.

शुल्काचे स्वरूप : अनुज्ञप्ती शुल्क हा कर की सेवेचा मोबदला, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. कुवरजी भरुचा खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने मद्यविक्रीवर कडक निर्बंध घालण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. कृष्णकुमार नरुला खटल्यात (१९६७) मात्र मद्यव्यवहार हाही इतरांसारखा व्यवसाय असल्याची भूमिका दिसते. हर शंकर खटल्यात (१९७५) न्यायालयाने असे ठरवले, की हे शुल्क ना कर आहे ना सेवेचा मोबदला. राज्य आपला अनन्य विशेषाधिकार परवानाधारकाला देते, त्याची ती किंमत होय. खोडे डिस्टिलरीज खटल्यात (१९९५) हीच दिशा कायम राहिली. नरुला निकालाचा व्यापक अर्थ लावणारे अभ्यासक आहेत, तथापि प्रशासनाचा व्यवहार हर शंकरच्या सूत्रावरच चालतो. किंमत म्हटल्यावर शुल्काच्या बदल्यात सेवा दाखवण्याची गरज उरत नाही, आणि अधिसूचना काढून दर वाढवणे सोपे होते. मद्यार्कावरील केंद्र-राज्य अधिकारांचा वेगळा वाद नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, औद्योगिक मद्यार्कही आठव्या नोंदीत येतो असे ठरवून, राज्यांच्या बाजूने निकाली काढला.

मुंबई प्रांत : मक्त्याने दारूची दुकाने देण्याची पद्धत कंपनी राजवटीच्या आधीपासून चालत आली असावी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर मद्यनिर्मितीचे केंद्रीकरण वाढले. कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल, असे धोरण सरकार सांगे. प्रत्यक्षात महसुलाचे पारडे जड होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

परवाने बंद झाल्यावर तिजोरीचे काय होते, याचे ठळक उदाहरण १९३९ चे आहे. बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्टपासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के कर बसवण्यात आला. घरमालकांच्या वतीने सर बेहरामजी जीजीभॉय न्यायालयात गेले, पण मुंबई उच्च न्यायालयाने कर वैध ठरवला. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला आणि बंदी सैल पडली. मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी दारूबंदीची तूट भरण्यासाठी १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. तिथे दारू पुढे परत आली. विक्रीकर काही गेला नाही.

महाराष्ट्र : १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा (आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा) आजही मूळ आधार आहे, म्हणजे कागदोपत्री बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. १९६० च्या दशकात अपवाद रुंदावत गेले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून किरकोळ दुकानांचे नवे परवाने जवळपास थांबले. लोकसंख्या वाढली, दुकाने तेवढीच राहिली. या टंचाईतून परवान्याला आलेली बाजारकिंमत बहुतांशी जुन्या धारकांच्या पदरात पडली, शासनाच्या नव्हे. जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात वाइन शॉप (एफएल-२) व परमिट रूम (एफएल-३) करारावर चालवायला देण्यास अनुक्रमे १५ व १० टक्के जादा शुल्क घेऊन मान्यता देण्यात आली, ती या लाभातील थोडा हिस्सा मिळवण्याची धडपड म्हणता येईल. मात्र त्याच निर्णयातील खरा आर्थिक भार दराचा होता. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित नवा वर्ग निर्माण झाला. या साऱ्यातून सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळण्याचा शासनाचा अंदाज होता.

दर कमी करूनही उत्पन्न वाढू शकते, ही धारणा नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसली. आयात स्कॉचवरील शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणताना इतर राज्यांतून होणारी तस्करी घटून महसूल १०० कोटींवरून २५० कोटी होईल, असे सांगण्यात आले. जानेवारी २०२२ चा सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्याचा निर्णय याउलट गाजला फार. २००१ च्या धोरणापासून वाइनला शुल्कसवलत असल्याने त्याचे वित्तीय वजन मुळातच बेताचे होते. तो अमलात आला नाही.

दिल्ली : १७ नोव्हेंबर २०२१ पासूनच्या धोरणात सरकारी दुकाने बंद करून शहराचे ३२ विभाग खासगी बोलीदारांना देण्यात आले. बाटलीमागच्या शुल्काऐवजी महसुलाचा बहुतेक भार आगाऊ अनुज्ञप्ती शुल्कावर टाकला गेला. धोरण ऑगस्ट २०२२ अखेर संपले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सुमारे २,००२ कोटी रुपयांचे नुकसान दाखवले : निवासी व अन्य प्रतिबंधित वॉर्डांत दुकाने न उघडल्याने सुमारे ९४१ कोटी, परत केलेल्या विभागांच्या फेरनिविदा न काढल्याने सुमारे ८९० कोटी, कोविडच्या नावाखाली दिलेल्या माफीचे १४४ कोटी आणि अपुऱ्या अनामत रकमेचे २७ कोटी.

जिल्हाबंदी : वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि मे २०२१ मध्ये उठवण्याचा निर्णय झाला. उत्पादन शुल्क मुख्यतः मद्यनिर्माणीतून माल बाहेर पडताना वसूल होत असल्याने एखाद्या जिल्ह्यातील दुकाने बंद झाल्याचा परिणाम त्या जिल्ह्याच्या आकड्यांत पूर्णपणे उतरत नाही. शेजारच्या जिल्ह्यात वाढलेली विक्री त्याच तिजोरीत येते.