तानाका काकुएई: निगाताच्या बर्फातून आलेलं राजकारण

१२ ऑक्टोबर १९८३ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने जपानचे माजी पंतप्रधान तानाका काकुएई यांना लाचखोरीबद्दल चार वर्षांची कैद सुनावली. दोनच महिन्यांनी, १८ डिसेंबरला, सार्वत्रिक निवडणूक झाली. तानाका निगाता प्रांताच्या तिसऱ्या मतदारसंघातून नेहमीसारखे उभे राहिले. पैशाच्या राजकारणाला विरोध म्हणून एक नामवंत लेखक मुद्दाम त्यांच्यासमोर उभा ठाकला होता. निकाल लागला तेव्हा तानाकांच्या पारड्यात २ लाख २० हजारांहून अधिक मतं होती. इतकी मतं त्यांना त्याआधी कधीच मिळाली नव्हती, पंतप्रधानपदी असतानाही नाही.

मतदार विकले गेले, असं म्हणून हा विषय संपवता येतो. मला ते उत्तर पटत नाही. या मतांचा उलगडा करायचा तर बर्फापासून सुरुवात करावी लागते.

हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे वारे समुद्रावरून बाष्प उचलतात, होन्शू बेटाच्या मधल्या डोंगररांगेला अडतात आणि पश्चिमेच्या अंगाला बर्फ टाकून मोकळे होतात. डोंगरापलीकडे टोकियोत त्याच दिवशी लख्ख ऊन असतं. निगाताच्या डोंगरी भागात मात्र तीन-चार मीटर बर्फ साचतं. वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करावी लागे. छपरावरचं बर्फ उतरवताना माणसं पडून दगावतात, ती आजही. शेती वर्षातून एकदाच, भाताची. ती आटोपली की घरातला कर्ता पुरुष टोकियोकडे मजुरीला जाई आणि वसंतात परते. याला जपानीत ‘देकासेगी’ म्हणतात. कोकणातला चाकरमानी ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना यातला विरह वेगळा सांगायला नको. या किनाऱ्याला ‘उरा निहोन’, म्हणजे पाठीमागचं जपान, असंच नाव पडलं होतं.

याच भागात यामाकोशीच्या डोंगरात कोमात्सुगुरा नावाची वस्ती आहे. हिवाळ्यात कुणी आजारी पडलं तर पाठीवर घेऊन खिंड ओलांडावी लागे, आणि काही जण वाटेतच जात. १९३३ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच बोगदा खणायला घेतला. यंत्रं नव्हती; कुदळी होत्या. मधे युद्धाने काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि १९४९ मध्ये सुमारे ९०० मीटर लांबीचा बोगदा आरपार झाला. सोळा वर्षं. सरकार आपल्यापर्यंत पोचत नाही, हे तिथल्या माणसाला कुणी सांगावं लागत नव्हतं.

तानाकांचा जन्म याच मुलखातला, ४ मे १९१८ चा, फुतादा नावाच्या खेड्यातला. वडील गुराढोरांचा आणि घोड्यांचा व्यवहार करत. त्यात त्यांनी पुष्कळ घालवलं, आणि शेत आईच्या अंगावर पडलं. काकुएई लहानपणी तोतरे होते. गाणं म्हणताना जीभ अडखळत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी कथागायनाच्या ढंगात बोलायचा सराव केला. पुढे हाच घोगरा, लयीतला आवाज त्यांचं सर्वांत मोठं हत्यार ठरला. शिक्षण प्राथमिकच्या वरच्या इयत्तांपाशी थांबलं. १९३४ मध्ये ते टोकियोला गेले, दिवसा काम आणि रात्री बांधकामाचं शिक्षण असं करत राहिले. मांचुरियात सैन्यात असताना फुप्फुसाचा आजार झाला आणि ते परत आले. मग लग्न, स्वतःची बांधकाम कंपनी, आणि युद्धाच्या दिवसांत हातात आलेला पैसा.

१९४६ ची पहिली निवडणूक ते हरले. १९४७ मध्ये, २८ व्या वर्षी, जिंकले. सुरुवातीच्या त्या प्रचारातलं त्यांचं एक भाषण निगातात अजून सांगतात. मिकुनी खिंडीचा डोंगर सुरुंगाने उडवून देऊ, म्हणजे वारे सरळ टोकियोकडे जातील आणि निगातात बर्फ पडणारच नाही. उरलेल्या मातीने समुद्र भरून समोरचं सादो बेट जोडून टाकू! ऐकणारे हसले असतील. पण आपल्या दारातलं बर्फ हा देवाचा कोप नसून राजकारणाचा प्रश्न आहे, असं त्यांना तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

लगेचच कोळसा खाणींच्या लाच प्रकरणात अटक झाली. जानेवारी १९४९ च्या मतदानाला जेमतेम दहा दिवस उरले असताना ते जामिनावर सुटले, आणि तरी निवडून आले. १९५१ मध्ये वरच्या न्यायालयाने निर्दोष सोडलं. १९८३ च्या निकालाची ही जणू रंगीत तालीमच होती.

त्यानंतर तानाकांनी जे केलं ते मन लावून केलं. रस्त्यांसाठी कायदे, पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांकडे वळवण्याची व्यवस्था, डबघाईला आलेल्या नागाओका रेल्वेचं विद्युतीकरण. सरकारने नव्हे, तर सभासद म्हणून मांडलेली तीसहून अधिक विधेयकं त्यांनी संसदेत मंजूर करून घेतली. ‘एत्सुझानकाई’ ही त्यांची समर्थक संघटना गावोगाव पसरली. भरात असताना तिचे ९० हजारांहून अधिक सभासद होते. कोणत्या वस्तीला पूल हवा, कुठे बर्फ हटवणारं यंत्र हवं, याच्या याद्या तिथून वर जात. टोकियोत मेजिरोच्या त्यांच्या घरी सकाळपासून लोकांची रीघ लागे. बसगाड्या भरभरून मतदार येत, कार्प माशांच्या तळ्यापाशी फोटो काढत. तानाका ऐकून घेत आणि होईल की नाही ते तिथल्या तिथे सांगत. ‘होईल’ म्हटलं की ते होत असे.

१९६२ मध्ये, ४४ व्या वर्षी, ते अर्थमंत्री झाले. टोकियो विद्यापीठातून निघालेल्या अधिकाऱ्यांसमोर त्यांनी आपलं शिक्षण किती ते आधी सांगितलं, आणि मग, तुम्ही काम करा, जबाबदारी सगळी माझी, असा शब्द दिला. जुलै १९७२ मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेतेपदासाठी प्रतिस्पर्धी फुकुदा ताकेओंना हरवून ते पंतप्रधान झाले. सप्टेंबरात बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी बोलले आणि २९ तारखेला चीनशी संबंध पूर्ववत झाले. महिनाभरात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात दोन पांडा आले आणि त्यांना पाहायला रांगा लागल्या.

देशांतर्गत स्वप्न त्याहून मोठं होतं. ९ हजार किलोमीटर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनचे मार्ग, १० हजार किलोमीटर द्रुतगती मार्ग, कारखाने मोठ्या शहरांतून उचलून ग्रामीण भागात. कल्पना एकाच वेदनेतून आलेली होती: माणसाला पोटासाठी घर सोडावं लागू नये. पण योजनेत ज्या गावांची नावं आली तिथे जमिनींचे भाव चढले, सट्टेबाज घुसले. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाच्या भावांचा भडका उडाला. टंचाईच्या भीतीने घरोघरच्या बायकांनी टॉयलेट पेपरसाठी दुकानांवर गर्दी केली. १९७४ मध्ये महागाई २० टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच वर्षी एका मासिकाने तानाकांच्या पैशाचे माग कागदोपत्री काढले, आणि डिसेंबरात त्यांना पायउतार व्हावं लागलं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर लॉकहीड या विमान बनवणाऱ्या कंपनीची लाचखोरी उघडी पडली. त्यात ‘१०० शेंगदाणे मिळाले’ अशी पावती होती. एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. ऑल निप्पॉन एअरवेजने लॉकहीडचीच विमानं घ्यावीत म्हणून मारुबेनी कंपनीमार्फत तानाकांना ५० कोटी येन पोचले, असं पुढे न्यायालयाने मानलं. २७ जुलै १९७६ ला त्यांना अटक झाली.

तरीही पक्षातला त्यांचा गट वाढतच गेला. पक्षाबाहेर राहून ते पंतप्रधान ठरवत. लोक त्यांना ‘पडद्याआडचा शोगुन’ म्हणत; शोगुन म्हणजे जुन्या जपानचा लष्करी सत्ताधीश. १५ नोव्हेंबर १९८२ ला जोएत्सु शिंकान्सेन सुरू झाली. २२ किलोमीटरच्या दाइशिमिझु बोगद्यातून ती मिकुनीची डोंगररांग आरपार करते. डोंगर उडवला नाही, पण भेदला. पुढच्या वर्षीच्या त्या २ लाख २० हजार मतांना ही गाडी, ते पूल आणि ते रस्ते दिसत होते.

ते मतदार आंधळे होते असं मला वाटत नाही. हिशेब मात्र अपुरा होता असं वाटतं. या पद्धतीत रस्ता हा नागरिकाचा हक्क राहिला नाही, साहेबांची मेहेरबानी झाली. ठेकेदार, मतं आणि देणग्या यांची गाठ इतकी घट्ट बसली की तानाका गेल्यावरही ती सुटली नाही. त्यांच्या जन्मगावाशेजारी काशिवाझाकी-कारिवा हे जगातलं सर्वांत मोठ्या क्षमतेचं अणुवीज केंद्र उभं राहिलं. वीज टोकियोची, धोका निगाताचा. पाठीमागचं जपान पाठीमागेच राहिलं.

फेब्रुवारी १९८५ मध्ये पक्षाघाताने त्यांची वाणी हिरावून नेली. ज्या आवाजावर सगळं उभं होतं तोच गेला. १६ डिसेंबर १९९३ ला ते वारले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातलं अपील अजून पडूनच होतं. मुलगी माकिको २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री झाली.

शिंकान्सेनच्या उरासा स्थानकाबाहेर तानाकांचा पुतळा आहे, एक हात वर केलेला. त्याच्या डोक्यावर नंतर छप्पर घातलं, बर्फ पडू नये म्हणून.