सप्तरंगी ध्वजाची पार्श्वभूमी

इंद्रधनुष्याच्या रंगांचा झेंडा दिसला की आज बहुतेकांना समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांची चळवळ आठवते. पण हे रंग तिच्याआधीही अनेकांनी खांद्यावर घेतले होते. १५२५ साली जर्मनीतील शेतकऱ्यांच्या उठावात धर्मोपदेशक टॉमस म्युंत्सरच्या अनुयायांच्या निशाणावर इंद्रधनुष्य होते. १९२४ साली अहमदनगरजवळ मेहेराबादला मेहेरबाबांचा सप्तरंगी ध्वज उभा राहिला. तळाच्या लालपासून वरच्या आकाशी रंगापर्यंतची त्याची चढण आध्यात्मिक उन्नतीची मानली जाते. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सहकारी चळवळीने विविधतेतील एकतेचे प्रतीक म्हणून सात रंग स्वीकारले, आणि सहकार सप्ताहात होणाऱ्या ध्वजारोहणामुळे तो झेंडा आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्याही परिचयाचा झाला.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या समलिंगी चळवळीच्या झेंड्याची कथा मात्र वेगळी आहे. तोवर ही चळवळ गुलाबी त्रिकोण वापरत असे. पण ती नाझींनी छळछावण्यांतील समलिंगी पुरुषांवर लादलेली खूण होती. कलाकार गिल्बर्ट बेकर यांना आपल्या लोकांसाठी आनंदाचे, स्वतः निवडलेले प्रतीक हवे होते. लिन सेगरब्लॉम, जेम्स मॅकनमारा आणि इतर स्वयंसेवकांसह त्यांनी सुती कापड हाताने रंगवले, शिवले, आणि २५ जून १९७८ रोजी ते झेंडे शहरात फडकले. पट्टे आठ होते व प्रत्येकाला अर्थ होता: गडद गुलाबी म्हणजे लैंगिकता, लाल जीवन, नारिंगी उपचार, पिवळा सूर्यप्रकाश, हिरवा निसर्ग, फिरोजी जादू, निळा शांतता आणि जांभळा आत्मा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची हत्या झाली आणि झेंड्याची मागणी एकदम वाढली. गडद गुलाबी कापड बाजारात सहज मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. पुढे १९७९च्या मिरवणुकीसाठी झेंडा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना उभा लावायचा ठरला, तेव्हा सातांपैकी मधला पट्टा खांबाआड जाऊ लागला. पट्ट्यांची संख्या सम करण्यासाठी फिरोजी रंग वगळला गेला. आज जगभर ओळखले जाणारे सहा पट्टे असे, कापडाच्या टंचाईतून आणि खांबाच्या अडचणीतून ठरले.

हा झेंडा इतका रूढ झाला की इतरांना आपल्या रंगांचा खुलासा करावा लागू लागला. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने तर गोंधळ टाळण्यासाठी २००१ साली आपला ध्वजच बदलला.

२०१७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात वर्णभेद सोसणाऱ्यांसाठी काळा आणि तपकिरी पट्टा या झेंड्याला जोडला गेला, तर २०१८ साली डिझायनर डॅनियल क्वेझार यांनी त्यांसह पारलिंगी ध्वजाचे रंगही घेऊन डाव्या बाजूला बाणाकृती रचना केली. यामुळे मूळ झेंडा बिघडला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. ती मला पटत नाही. कारण ज्याला मूळ म्हटले जाते तो सहा पट्ट्यांचा झेंडा बेकर यांच्या आठ पट्ट्यांतून अवघ्या वर्षभरात, गरजेपोटीच घडला होता, आणि क्वेझार यांनी केलेला बदल तर वर्णभेद व पारलिंगी व्यक्तींची उपेक्षा यांकडे लक्ष वेधण्यासाठी जाणीवपूर्वक केलेला आहे.