उद्याच्या युद्धासाठी आजचे शिक्षण

बेळगावच्या कॅम्प भागात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, शहरात राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे आणि कित्तूरला मुलींची निवासी सैनिकी शाळा आहे. त्यामुळे खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या मराठी घरांत ‘एनडीएची तयारी’ हा नेहमीच्या बोलण्यातला विषय असतो, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागल्याने तो आता मुलींचाही झाला आहे. या तयारीत धावणे, गणित, इंग्रजी आणि मुलाखत यांचा विचार भरपूर होतो. निवड झाल्यानंतर काय शिकवले जावे, याचा मात्र फारसा होत नाही. आज बारावीत असलेला विद्यार्थी खडकवासल्याची तीन वर्षे आणि पुढचे एक वर्षाचे प्रशिक्षण संपवून लेफ्टनंट होईल, आणि पलटणीचे (बटालियनचे) नेतृत्व त्याच्याकडे येईपर्यंत आणखी सुमारे दीड दशक उलटेल. तेव्हाचे युद्ध कसे असेल, हे त्याच्या शिक्षकांनाही ठाऊक नसणार. म्हणून त्याला काय शिकवायचे हा प्रश्न सैन्याच्या जितका जवळचा आहे, तितकाच शिकण्याच्या विज्ञानाच्याही जवळचा आहे.

बदलाचा वेग समजून घेण्यासाठी ड्रोनचे उदाहरण घेऊ. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या लढाईत ड्रोननी रणगाडे आणि तोफा टिपल्या, २०२२ नंतर युक्रेनमध्ये ते खंदकाखंदकावर घिरट्या घालू लागले, आणि मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षातही दोन्ही बाजूंनी त्यांचा वापर झाला. ड्रोन वाढले, तसे त्यांचे संदेश दडपणारे जॅमरही वाढले. जॅमर इतका प्रभावी का ठरतो, याचे उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रातच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॉटच्या सुमारे एक कोटी अब्जाव्या भागाइतकीच उरलेली असते. अंतर दुप्पट झाले की संदेशाची तीव्रता चौथाईवर येते. याच नियमाने उपग्रहाइतक्याच शक्तीने प्रक्षेपण करणारे यंत्र २० किलोमीटरवर आणून ठेवले, तर ते हजारपट जवळ असल्यामुळे त्याचा गोंगाट मूळ संदेशाच्या दहा लाख पट प्रबळ होतो.

यावर उपाय म्हणून काही ड्रोन मागे काचेचा बारीक तंतू उलगडत जाऊ लागले. संदेश तंतूतून जात असल्यामुळे रेडिओ जॅमर त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरला. मात्र तंतूच्या गुंडाळीचे वजन ड्रोनला वाहावे लागते आणि तंतू झाडाझुडपांत अडकू शकतो. बेळगावजवळच्या जांबोटी किंवा चोर्ल्याच्या दाट रानात अशा तंतूचे काय होईल, आणि डोंगराच्या आड रेडिओचा संदेश कसा पोहोचेल, हे प्रश्न पंजाबच्या सपाट मैदानातल्या प्रश्नांहून वेगळे आहेत. ड्रोनच्या एखाद्या नमुन्यावर बेतलेला अभ्यासक्रम छापून होईपर्यंत शिळा होऊ शकतो, पण अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर आणणारा तो नियम शिळा होत नाही. म्हणूनच भावी अधिकाऱ्याच्या शिक्षणात गणित आणि भौतिकशास्त्र यांचे स्थान प्रवेशपरीक्षेपुरते राहू नये, असे मला ठामपणे वाटते.

तरीही एवढ्याने भागत नाही, कारण रणांगणावर आकडेमोड करण्याइतका वेळ क्वचितच मिळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की हे अनुभवी लोक अनेक पर्याय मांडून त्यांची तुलना करीत बसत नाहीत; समोरची परिस्थिती पूर्वी पाहिलेल्या कोणत्या प्रकारची आहे हे ते ओळखतात, सुचलेली पहिली योग्य कृती मनातल्या मनात पडताळून पाहतात आणि कामाला लागतात. पुढे २००९ मध्ये क्लाइन आणि अशा अंतःप्रेरणेबद्दल साशंक असलेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन या दोघांनी, मूळचे मतभेद असतानाही, एकत्र लेख लिहून अशा अंदाजावर कधी विसंबावे हे स्पष्ट केले. परिस्थितीत काही नियमितपणा असावा लागतो, आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे माणसाला वारंवार व लवकर कळावे लागते. बदलते युद्ध नेमका यातला पहिला आधार काढून घेते. दहा वर्षांच्या अनुभवाने सुरक्षित वाटणारी झाडी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे रात्री उघडी पडते, आणि अधिकाऱ्याचा आत्मविश्वास मात्र तसाच राहतो. आपला अनुभव आता लागू पडत नाही हे वेळेवर ओळखणे, हीच त्याच्या शिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

ती शिकवता येते का? १९७८ मधला एक साधा प्रयोग इथे उपयोगी आहे. आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने तीन फुटांवरच्या लक्ष्यावर छोटी पिशवी फेकण्याचा सराव केला, तर दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून. चाचणी तीन फुटांवर झाली आणि दुसरा गट सरस ठरला, जरी त्याने त्या अंतरावर सराव केलाच नव्हता. मुलांच्या खेळातला निष्कर्ष जसाच्या तसा सैन्याला लावू नये. पण सरावात विविधता असली की अनोळखी प्रसंग पेलण्याची क्षमता वाढू शकते, ही दिशा त्यातून मिळते. प्रशियाच्या (जर्मनीतल्या जुन्या राज्याच्या) सैन्यात १८२४ मध्ये रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने मांडलेला नकाशावरचा युद्धखेळ याच कामी येतो. त्यात खेळाडूला शत्रूच्या तुकड्या सगळ्या दिसत नसत. प्रत्यक्षात जेवढे कळले असते तेवढेच पंच त्याला सांगत असे. आज हा खेळ संगणकावर खेळता येतो आणि मध्येच जीपीएस बंद करता येते, खोटा संदेश घुसवता येतो, परिचित शत्रूला अपरिचित शस्त्र देता येते. खेळ संपल्यावर कोणी काय पाहिले आणि काय समजून निर्णय घेतला, याची चर्चा हुद्दा बाजूला ठेवून झाली, तरच त्यातून शिकणे घडते. वरिष्ठासमोर ‘साहेब, इथे आपले चुकले’ असे म्हणण्याची मोकळीक नसेल, तर महागडी यंत्रणाही जुन्याच सवयी पक्क्या करील.

यंत्राच्या सल्ल्याबाबतही हीच सावधगिरी हवी. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने एका ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र समजले आणि ते पाडले; विमानातले दोघेही मृत्युमुखी पडले. निर्णयासाठी माणूस होता, पण वेळ अत्यल्प होता. कृत्रिम बुद्धिमत्तेचे तंत्र वापरणाऱ्या अधिकाऱ्याला ते कशावरून शिकले आहे आणि कुठे फसते, हे ठाऊक असले पाहिजे, कारण नागरिक आणि सैनिक यांत भेद करण्याची कायदेशीर जबाबदारी माणसाचीच राहते.

संदेशवहन तुटते तेव्हा जुनी कौशल्ये परत लागतात, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा पलटणीचे नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई होते. जॅमरखाली नकाशा, होकायंत्र, तारेचा फोन आणि असा निरोप्या यांचे मोल पुन्हा वाढते. आणि निरोपही पोहोचला नाही, तर पुढच्या टेकडीवरचा निर्णय लेफ्टनंटच्या हातात न राहता हवालदाराच्या किंवा नायकाच्या हातात जातो. बेळगावच्याच ज्युनिअर लीडर्स विंगमध्ये अशा कनिष्ठ नेत्यांचे प्रशिक्षण होते. त्यामुळे तरुण अधिकाऱ्याला आज्ञा देण्याचा सराव करून घेताना ‘काय करायचे’ याच्याआधी ‘कशासाठी करायचे’ हे दोन वाक्यांत सांगायला लावावे, मग रेडिओ बंद करावा, योजनेतला पूल पडल्याचे जाहीर करावे, आणि त्याचा हवालदार त्या दोन वाक्यांच्या आधारावर नवा मार्ग काढू शकतो का, यावर अधिकाऱ्याला गुण द्यावेत.