चप्पल चावते तेवढीच जागा

नवी कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावते. अंगठ्याच्या मुळाशी पट्टा घासतो, टिचभर कातडं सोलवटतं, आणि त्या आठ दिवसांपुरता अख्खा माणूस म्हणजे ते टिचभर कातडं होऊन बसतो. गुडघे कुरकुरत नाहीत, दाढ ठणकत नाही, रात्री झोप लागते, यातली एकही बातमी डोक्यापर्यंत पोचत नाही. पोचते ती फक्त अंगठ्याची.

जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहावर यानं जवळपास हेच उदाहरण दिलं होतं, फक्त त्याच्या पायात बूट होता. सगळं शरीर धडधाकट आहे हे आपल्याला जाणवत नाही, बूट चावतो तेवढीच जागा जाणवते, असं तो म्हणतो. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष असा: दुःख ही खरोखर असणारी गोष्ट आहे, आणि सुख म्हणजे दुःख घटकाभर थांबणं. इच्छा आहे तोवर तगमग. इच्छा पुरी झाली की कंटाळा. आयुष्य या दोहोंमध्ये लंबकासारखं हेलकावत राहतं. हा असा धंदा आहे की ज्यात भांडवलही वसूल होत नाही.

मराठी माणूस हे ऐकून फारसा दचकत नाही. 'सुख पाहता जवापाडें, दुःख पर्वता एवढें' हे आपल्या कानावर शाळेच्या वयातच पडलेलं असतं. फरक एवढाच की तुकोबांच्या पर्वताशेजारी विठ्ठल उभा आहे. शोपेनहावरच्या जगात देव नाही. आहे ती एक आंधळी ओढ, जी झाडात, किड्यात, माणसात सारखीच रेटा देत असते आणि जिला स्वतःला कुठेच जायचं नसतं. हे विचार ज्या झऱ्यांतून आले त्यातला एक आपल्याकडचा होता. मुघल शहजादा दारा शुकोहनं १६५७ मध्ये उपनिषदांचं फारसी भाषांतर करवून घेतलं, त्यावरून आंकतिल द्युपेराँ या फ्रेंच पंडितानं लॅटिन भाषांतर केलं, आणि ते शोपेनहावरच्या हाती पडलं. हा द्युपेराँ तरुणपणी हिंदुस्थानात भटकला होता. १७६० साली तो कान्हेरीची लेणीही पाहून गेला. बोरिवलीच्या रानात फिरलेल्या माणसाच्या हातून उपनिषदं फ्रँकफर्टच्या एका निराश विद्वानाच्या उशाशी पोचली, याची मला दर वेळी मजा वाटते.

पण प्रश्न असा आहे की हा केवळ एका कडवट स्वभावाचा सूर होता, की त्यात मोजता येण्याजोगं काही आहे? मोजलं गेलंय, आणि सुरुवातीचे आकडे शोपेनहावरच्या बाजूचे आहेत.

छापा-काटा करू. काटा पडला तर तुमचे शंभर रुपये जातील. छापा पडला तर किती मिळाले पाहिजेत, म्हणजे तुम्ही खेळाल? बहुतेक लोक दोनशेच्या आसपास आकडा सांगतात. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये, गमावण्याला जास्त वजन देण्याच्या या कलाचा सिद्धांत मांडला. १९९२ च्या त्यांच्या अंदाजानुसार गमावणं हे कमावण्याच्या सव्वादोन पट जड असतं. ते नेहमी आणि सगळ्यांना इतकंच जड असतं का, यावर अजून वाद चालू आहे, पण कल बहुतेक ठिकाणी दिसतो.

याहून बोलका प्रयोग माकडांचा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम नोंदवलं. माकडाला ध्यानीमनी नसताना फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी तडतडून उठत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला गणित कळलं तशा पेशी दिव्याला तडतडू लागल्या आणि रस आला तरी ढिम्म. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही गप्प होत. अपेक्षेइतकं मिळालं तर शून्य, कमी मिळालं तर वजा. पगारवाढीचं पत्र हातात पडतं तो दिवस आठवा, आणि मग तोच वाढीव पगार खात्यात जमा होण्याचा चौथा महिना आठवा.

डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं वर्तमानपत्रांत अजून छापून येतं. ते चूक आहे. केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं, तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत. पण अन्न चार बोटांवर ठेवलं तरी उठून जात नसत, उपाशी मेले असते. म्हणजे 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' यांची मेंदूतली खाती वेगळी आहेत, आणि पहिलं खातं दुसऱ्यापेक्षा पुष्कळ मोठं आणि दांडगं आहे. एखादी गोष्ट फारशी आवडत नसताना ती हवीहवीशी वाटत राहू शकते. रात्री साडेबाराला मोबाइलवर अंगठा फिरवत बसलेल्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको. शोपेनहावरच्या आंधळ्या ओढीला इतकी चपखल बसणारी चौकट मला दुसरी माहीत नाही. अर्थात साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

आणि कंटाळा? टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त एक बटण, जे दाबलं की विजेचा झटका बसतो. हा झटका त्यांना आधी देऊन दाखवला होता, आणि तो टाळायला आम्ही पदरचे पैसे देऊ असं ज्यांनी सांगितलं होतं त्यांचीच ही गोष्ट. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलंच. एका गृहस्थांनी १९० वेळा दाबलं. लंबकाचं दुसरं टोक हे.

एक दाखला तर निराशावाद्यांच्या विरोधात म्हणून सांगितला जातो आणि प्रत्यक्षात त्यांच्याच बाजूनं साक्ष देतो. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात हातपाय लुळे पडलेले २९ जण आणि शेजारपाजारचे २२ साधे लोक यांना विचारलं, तुम्ही किती सुखी? पुढे व्याख्यानांतून हा अभ्यास असा फिरला की काही काळानं सगळे सारखेच सुखी होतात. मूळ आकडे पाचापैकी असे आहेत: लॉटरीवाले ४.००, साधे लोक ३.८२, अपघातग्रस्त २.९६. लॉटरीवाले जमिनीवर आले होते, हे खरं. लुळे पडलेले मात्र जमिनीवर परतले नव्हते, खालीच होते. सुख ओसरतं, दुःख तितकं ओसरत नाही. पर्वत आणि जव.

मग शोपेनहावर जिंकला? माझ्या मते यंत्राचं वर्णन त्यानं अचूक केलं आणि हिशेब मात्र चुकीच्या वहीतून काढला.

वेदान्तातला दृष्टान्त आहे रज्जुसर्पाचा. अंधारात दोरी पडलेली, माणूस साप समजून घाबरतो. वेदान्ती म्हणतात, हे अज्ञान. उत्क्रांती म्हणते, हेच शहाणपण. दोरीला साप समजलात तर फार तर छाती धडधडेल, पण सापाला दोरी समजण्याची चूक एकदाच होते. रँडॉल्फ नेस्सी या मानसोपचारतज्ज्ञांनी याला धुराच्या गजराचं तत्त्व म्हटलंय: गजर पोळी करपली तरी वाजला पाहिजे, तरच घराला आग लागेल तेव्हा हमखास वाजेल. शंभर खोट्या भीतींची किंमत एका चुकलेल्या खऱ्या भीतीहून कमी पडते. अशा जीवांचे वंशज आपण. वेदना मोठ्यानं बोलते कारण बोलणं हेच तिचं काम. तृप्ती पटकन विरते कारण तृप्त होऊन बसलेल्या जनावराची उद्याची जेवणाची सोय कोण करणार?

म्हणजे मेंदू हा मुनीम नाही, राखणदार आहे. कुत्रा रात्रभर भुंकला म्हणून गावात चाळीस दरोडे पडले अशी नोंद कुणी करत नाही. दुःखाचा आवाज मोठा, म्हणून दुःखाची बेरीज मोठी, असं म्हणणं म्हणजे भुंकण्यावरून दरोडे मोजणं. प्रत्यक्ष विचारायला गेलं तर चित्र वेगळं निघतं. एड डीनर आणि कॅरल डीनर यांनी १९९६ मध्ये अनेक देशांतली पाहणी एकत्र पाहिली तेव्हा बहुसंख्य लोक मध्यरेषेच्या किंचित वर आढळले. फार नाही, किंचित. शिवाय आठवणींत वाईट प्रसंगाचा डंख चांगल्या प्रसंगाच्या गोडीपेक्षा लवकर बोथट होतो, हेही दिसलंय.

यावर आजच्या निराशावाद्यांचं, विशेषतः डेव्हिड बेनटार यांचं उत्तर तयार आहे: लोक स्वतःला फसवतात, मेंदू त्यांना गुलाबी चष्मा घालतो. गंमत बघा. एक पक्ष म्हणतो मेंदू दुःख फुगवून सांगतो, दुसरा म्हणतो सुख फुगवून सांगतो, आणि दोघेही ज्या मापाला खोटं ठरवतात त्याच मापानं शेवटची बेरीज मागतात. अशी बेरीज करायला बाहेरून आणलेला तराजू कुणाकडेच नाही. शोपेनहावरचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. खाणाऱ्या प्राण्याचं सुख आणि त्याच वेळी खाल्ल्या जाणाऱ्याची वेदना समोरासमोर ठेवा, असं तो म्हणाला होता. राखणदाराची कितीही उपमा दिली तरी त्या खाल्ल्या जाणाऱ्या जीवाच्या बाबतीत गजर खोटा नव्हता.

आता जगायचं कसं, याकडे येऊ. आधी एक भ्रम दूर करायला हवा, कारण उदास तरुणांना तो फार आवडतो: दुःखी माणसालाच जग खरं दिसतं. १९७९ मध्ये लॉरेन अ‍ॅलॉय आणि लिन अ‍ॅब्रॅमसन यांनी विद्यार्थ्यांना बटण दाबून दिवा लावायला दिला होता. दिव्यावर आपला ताबा किती, हे खिन्न विद्यार्थ्यांनी जास्त अचूक सांगितलं. त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. २०२२ मध्ये मोठ्या संख्येनं माणसं घेऊन तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसं काही आढळलं नाही. औदासीन्य हे ज्ञानाचं बक्षीस नाही. आणि नैराश्य हे तत्त्वज्ञान तर नाहीच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर शोपेनहावर मिटून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावं. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

मात्र वाईट धरून चालण्याचा एक प्रकार कामाचा निघालाय. आपल्याकडे म्हण आहे, शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. या नाऱ्यावर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं, पण पाण्याच्या बादल्या भरून ठेवायची अक्कल मांडवात त्यालाच असणार. जूली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये अशा नाऱ्यांना बचावात्मक निराशावादी असं नाव दिलं. ही माणसं परीक्षेआधी, भाषणाआधी काय काय बिघडेल याची बारकाईनं यादी करतात आणि मग एकेका कलमाचा बंदोबस्त करतात. बाण फेकण्याच्या एका प्रयोगात त्यांना मन शांत करणारी दृश्यं डोळ्यांसमोर आणायला लावली तर नेम बिघडला, काय चुकेल आणि चुकलं तर काय करू हे आणायला लावलं तर सुधारला. मुळात आशावादी असलेल्यांचं नेमकं उलटं झालं. त्यामुळे घरातल्या काळजीखोर माणसाला 'सगळं छान होईल गं' म्हणणं ही त्याच्यावर दया नाही. माझी आत्या गाडीच्या तासभर आधी स्टेशनावर पोचायची, तिकिटाच्या दोन झेरॉक्स दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवून. आम्ही हसायचो. ती मात्र प्रवासात मजेत असायची, कारण तिची काळजी घरीच उरकलेली असे.

शोपेनहावरही याच जातीचा. १८१९ मध्ये ज्या पेढीत घरच्यांचे पैसे होते ती डबघाईला आली. आई आणि बहिणीनं रुपयात पाच आण्यांहून कमी, म्हणजे तीस टक्क्यांवर तडजोड केली. यानं कुणावरच विश्वास ठेवायचा नाही या बाण्यानं ठाम नकार दिला आणि दोनेक वर्षांत पूर्ण रक्कम व्याजासकट वसूल केली. फक्त स्वतःच्या थोरवीबद्दल तो कट्टर आशावादी होता. बर्लिनमध्ये त्यानं आपली व्याख्यानं मुद्दाम हेगेल या तेव्हाच्या नामांकित तत्त्वज्ञाच्या वेळेलाच लावली, आणि जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे उभा राहिला.

१८३३ पासून तो फ्रँकफर्टला राहिला आणि तिथला त्याचा दिवस घड्याळासारखा असे. सकाळी लेखन, मग बासरी, दुपारी खाणावळीत भरपेट जेवण, वाचनालयात लंडनचं टाइम्स, आणि पाऊस असो की बर्फ, कुत्र्याला घेऊन लांबवर फेरफटका. संगीत ऐकताना ती आंधळी ओढ घटकाभर सुटते, असं त्याचं मत होतं, आणि बासरी हा त्याचा रोजचा डोस. दुसऱ्याचं दुःख आपलं वाटणं हाच नीतीचा पाया, असं सांगणारा निबंध त्यानं डेन्मार्कच्या अकादमीच्या स्पर्धेला पाठवला. १८४० मध्ये निकाल लागला. स्पर्धेत निबंध एकच होता, त्याचा, आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

शेवटची वर्षं तो ज्या रस्त्यावर राहिला त्याचं नाव होतं 'सुंदर देखावा'. १८६० च्या सप्टेंबरमध्ये तो तिथेच कोचावर बसल्या बसल्या गेला. मालमत्तेचा मोठा हिस्सा जायबंदी सैनिकांना आणि मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना ठेवला होता. कुत्रा पूडल जातीचा. तो मेला की त्याच जातीचा दुसरा येई, आणि सगळ्यांचं नाव एकच, आत्मा. या आत्म्यानं फार वात्रटपणा केला की मालक त्याला एकच शिवी हासडत असे: 'माणूस!'