‘शेरी’चा गुलाबी रंग

काश्मीरला गेलेल्यांनी जुन्या कबरींवर फुललेले आयरिस पाहिले असतील. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि खालच्या पाकळीवर सुरवंटासारखी केसाळ पट्टी. बागवाले तिला सरळ ‘दाढी’च म्हणतात. अमेरिकेतल्या ‘शेरी’ या उंच, गुलाबी वाणाची गोष्ट कळायला ही दाढी नीट बघावी लागते.

‘शेरी’च्या आधीही गुलाबी म्हणून आयरिस विकले जात होते. एकोणिसाव्या शतकातला ‘क्वीन ऑफ मे’ त्यांतलाच. पण तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, म्हणजे मूळचा जांभळाच. सांडलेल्या जांभळाचा डाग धुतल्यावर कापडावर जे उरतं, तसा. खरा गुलाबी हवा तर लायकोपीन लागतं. कलिंगडाला किंवा लाल पेरूच्या गराला रंग देतं ते.

इलिनॉयमधल्या विल्मेटचे डेव्हिड हॉल पेशाने वकील. या गुलाबीसाठी त्यांनी जवळजवळ दीड तप संकर केले. एवढा वेळ का लागला? हा गुण अप्रभावी, आणि उंच आयरिसमध्ये गुणसूत्रांचे दोन नव्हे तर चार संच असतात. चारही संचांत तोच जनुक आला तरच गुलाबी दिसतो. दोन प्रती लपवून बसलेल्या दोन झाडांचा संकर केला, तर 36 रोपांत सरासरी एक! त्यात बी पेरल्यापासून फूल दिसायला दोन-तीन वर्षं. या जनुकाची खूण म्हणजे संत्र्याच्या सालीसारखी केशरी दाढी. पाकळ्या पांढऱ्या असल्या तरी ती दिसते, म्हणून जाणकार आधी तिच्याकडे बघतात.

1940 च्या दशकात हॉल यांच्या वाफ्यात हा गुलाबी उमलला. कोलोरॅडोत डॉ. लूमिस यांनाही तो त्याच सुमारास मिळाला, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या हॉलना देणं बरोबर नाही. नाव मात्र हॉल यांच्या ‘शेरी’चं झालं. फ्रेंचमध्ये शेरी म्हणजे लाडकी. 1951 मध्ये तिला डाइक्स पदक मिळालं. अमेरिकन आयरिस सोसायटीचा हा सर्वोच्च मान. 1954 मध्ये ते ऑर्व्हिल फे यांच्या ‘मेरी रँडल’ला गेलं. तीही गुलाबीच, पण गडद.

बाजारात येऊन 30 वर्षं झालेल्या वाणाला आयरिसवाले ‘ऐतिहासिक’ म्हणतात. ‘शेरी’ त्यात केव्हाच जमा झाली. आजच्या दाट झालरीच्या गुलाबी आयरिसशेजारी ती जरा साधीच वाटते. दाढी मात्र दोघींची केशरी.